वंशावळ नेटवर टाकताना जिवंत माणसांचं काय करायचं?

उमरेड_रोड

मंडळी, आमच्या घराण्याची वंशावळ आता बऱ्यापैकी जुळत आली आहे. मूळ गाव उमरेड तालुक्यातलं. वरच्या पिढ्यांना कागदाचा आधार आहे: जमीन बंदोबस्ताचे जुने कागद, कोतवाल बुकाच्या (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला, शाळेचं दाखल-खारीज, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडलेली आमची नामावळ. त्या वहीत खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिलंय, आणि त्यांचा ‘र’ थेट माझ्या वडिलांच्या ‘र’सारखा आहे. असो, ते कौतुक वेगळ्या धाग्यात.

नेटवर टाकायचं कारण सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. तोवर नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची, आणि १९५० नंतर मध्यप्रदेशची राजधानी होती. त्या काळात आमच्या घरचे लोक नोकरीपायी जबलपूर, सागर, रायपूर, बिलासपूरला गेले. कोणी रेल्वेत, कोणी पीडब्ल्यूडीत, कोणी मास्तर. साधी बदली झाली होती त्यांची, प्रांत तोच होता. मग राज्यंच बदलली आणि ते पलीकडे राहून गेले. त्यांची नातवंडं आता घरात हिंदी बोलतात आणि आडनावाचं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. आमच्याकडे त्यांचे पत्ते नाहीत. त्यांच्यापैकी कोणी गूगलवर आडनाव टाकलं तर आम्ही सापडावं, एवढीच इच्छा.

आता घोळ असा, की पुतण्या उत्साहाने सगळी फाइल एका साइटवर चढवायला निघाला आहे. चारशेच्या वर नावं, त्यातली निम्मी तरी हिंडती-फिरती. मोठ्या वहिनी म्हणतात, नाव टाका, पण जन्मतारीख टाकाल तर खबरदार. एक आत्येबहीण म्हणते, मला मुळातच नको. एका चुलतभावाचं म्हणणं, मुलींची सासरची नावं कशाला, ‘आपलं’ घराणं दाखवा. ह्याच्याशी माझं भांडण झालंय, ते सुरूच आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, कुठवर उघडं ठेवायचं?

खामला_चौक

काका, एवढं काय लपवायचं त्यात? लग्नपत्रिका बघा. आजोबांपासून ते ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांची नावं, वर घराचा पत्ता आणि दोन मोबाइल. आणि निधन वार्ता? ‘मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा बराच मोठा आप्तपरिवार, अंत्ययात्रा उद्या सकाळी १० वाजता राहत्या घरून मोक्षधाम घाटावर.’ घर किती वाजता रिकामं असणार हेसुद्धा आपण छापून देतो. लोकांनी कुलवृत्तांत छापले त्यात तर शिक्षण, नोकरी, फोन नंबर सगळं असायचं. तेव्हा कोणाला प्रायव्हसी आठवली नाही.

आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना जुन्या रजिस्टरांचे स्कॅन खुद्द सरकारने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवलेत. टाका बिनधास्त.

सिव्हिल_लाइन्स

खामला_चौक, पत्रिका शंभर-दोनशे घरांत जाते, तीही ओळखीच्या. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत. कुलवृत्तांताची प्रत घराण्यातल्याच कपाटात असायची आणि ती मागायला कोणाच्या तरी घरी जाऊन चहा प्यावा लागायचा. नेटवरचं तसं नाही. तिथे एका साइटवरून आईचं माहेरचं आडनाव, दुसरीकडून वाढदिवस, तिसरीकडून नोकरी असं एका जागी बसून गोळा करता येतं. ‘मावशी, मी तुमच्या दिराचा अमका, अपघात झालाय, पैसे पाठवा’ असा फोन करणाऱ्याला दिराचं नाव बरोबर माहीत असलं की अर्धं काम झालं. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन करा, पण वेळ येऊ द्यायची कशाला?

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठात आपले नागपूरचे न्या. शरद बोबडेही होते. त्यानंतर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. ह्या कायद्यातून वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरणारी व्यक्ती वगळली आहे. म्हणजे संगणकात वंशावळ ठेवल्याबद्दल उमरेड_रोड काकांना कोणी नोटीस पाठवणार नाही. पण अख्ख्या जगाला दिसेल अशी साइट ‘घरगुती’ म्हणायची का, ह्यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. दुसरं, जी माहिती त्या व्यक्तीने स्वतःच जाहीर केली, त्या माहितीलाही हा कायदा लागत नाही. वहिनींनी आपला वाढदिवस फेसबुकवर टाकला तर तो त्यांचा. पुतण्याने टाकला तर ते नाही त्यात बसत.

अठराच्या आतल्या मुलांचं तर काहीच टाकू नका. महाराष्ट्रात १ मे २०१४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवरच्या नावात आता आईचं नावही लागतं, म्हणजे नुसतं पूर्ण नाव टाकलं तरी आई-बाप दोघं कळतात.

कोतवालबुक

भाऊ, सगळे जन्मतारखेवरच अटकून राहिले. तसंही आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जुलैलेच येते, मास्तरची कृपा. आपल्या इकडे खरी भानगड नात्याची आहे. काहून ते सांगतो.

माझं रोजचं काम व्हॅलिडिटीच्या फाइली लावायचं. जात वैधतेच्या अर्जासोबत वंशावळीचं शपथपत्र लागते. पुरावा किती जुना पाहिजे ते ठरलेलं आहे. अनुसूचित जातीले १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीले ६ सप्टेंबर १९५० च्या, व्हीजेएनटीले (विमुक्त जाती, भटक्या जमाती) २१ नोव्हेंबर १९६१ च्या, ओबीसीले १३ ऑक्टोबर १९६७ च्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाजवळ आधीच व्हॅलिडिटी असली की फाइल हलकी होते. म्हणून एकच आडनाव, एकच तालुका दिसला की फोन येतात, ‘काका, आपण एकाच खोडाचे, तुमची व्हॅलिडिटी द्या ना.’ त्यात खरे असतात तसे उपटसुंभही असतात.

आता कोतवाल बुक पाहा. त्यात तारीख, गाव, बापाचं नाव, जात, एवढं असते. पोराचं नाव बहुतेक वेळा नसतेच. बारशाच्या आधीच नोंद होऊन जाये. ‘अमक्याले मुलगा’, नाहीतर हिंदीत ‘लडका’, बस. तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा का त्यांचे भाऊ, हे कागद सांगत नाही, वंशावळ सांगते. ज्याच्या हाती तुमची पूर्ण वंशावळ आन् त्या नोंदीची नक्कल, त्याले त्या रिकाम्या जागी आपला आजा बसवता येते. तुमच्या पणजोबाले चौथा भाऊ फुटते आन् उद्या जात पडताळणीच्या दक्षता पथकाचा माणूस तुमच्या दारात येऊन विचारते, हे कोण तुमचे?

म्हणून नकलेचा फोटो नेटवर नको. साल आन् तालुका लिहा. मौजा, अनुक्रमांक, जात, हे मागेल त्याले खात्री करून द्या.

धरमपेठ_ग्रंथप्रेमी

कोतवालबुक, मुद्दा पटला, पण मग संशोधन कसलं? पुरावा दाखवला नाही तर वंशावळ आणि भाटाचं गाणं सारखंच. ह्याच लपवाछपवीमुळे आपल्याकडे प्रत्येक घराणं थेट भोसल्यांच्या दरबारात नेऊन बांधलेलं असतं. नागपूरच्या अभिलेखागारात बसून, धूळ खाऊन काढलेले कागद कोणी का दडवून ठेवावेत?

कोतवालबुक

दडवा नाही म्हणत भाऊ. भोसल्यांच्या काळचा कागद खुशाल लावा चौकात. १९०० च्या पुढचा, ज्याच्यावर आजही कोणाची फाइल उभी राहू शकते, तो सांभाळा. कोणत्या प्रकारचा कागद, कोणत्या कार्यालयात, कोणत्या सालचा, एवढं लिहिलं की जाणकार माणूस पोचते बरोबर.

बंगळुरूचा_नागपूरकर

तांत्रिक बाजू सांगतो. पुतण्याला आधी विचारा, साइट कोणती?

फॅमिलीसर्च हे मॉर्मन चर्चचं, फुकट आहे. तिथे सगळ्या जगाचं मिळून एकच झाड. मृत व्यक्तीची नोंद सगळ्यांना दिसते आणि दुसरा कोणीही ती बदलू शकतो. जिवंत म्हणून भरलेली नोंद सहसा फक्त भरणाऱ्याला दिसते. मृत्यूची माहिती नसेल तर जन्मापासून ११० वर्षं माणूस जिवंत धरतात. वाचायला छान वाटतं. पण भरताना ‘जिवंत की मृत’ हे आपणच निवडतो, आणि चारशे नावं भरताना घाईत एखाद्या ठणठणीत काकूंना ‘मृत’ केलं की त्या सगळ्यांपुढे. शिवाय काकू रागावतील ते वेगळंच.

त्यापेक्षा ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, स्वतःच्या संगणकावर चालतं, नेट लागत नाही. त्यात कुठल्याही नोंदीला ‘खासगी’ म्हणून कुलूप लावता येतं. फाइल बाहेर काढताना जिवंत माणसं पूर्ण गाळायची की नुसती नावं झाकायची हेही विचारतं. ही बाहेर काढलेली फाइल म्हणजे जेडकॉम, जी जवळपास सगळ्या साइटींना चालते. मूळ पूर्ण फाइल मात्र कोणालाही देऊ नका, सख्ख्या पुतण्यालाही. एकदा व्हॉट्सॲपवर गेली की ती कोणाकोणाच्या फोनमध्ये बसली हे देवालाही सांगता येणार नाही.

आणि कुलपावर विसंबू नका. एका ओळखीच्या कुटुंबाची ‘जिवंत माणसं काढलेली’ फाइल मी तपासली होती. नावं सगळी झाकलेली. पण १९७४ ला वारलेल्या आजोबांच्या टिपणात लिहिलेलं, ‘माहिती सांगणार: धाकटी मुलगी’, पुढे तिचं लग्नानंतरचं नाव, कॉलनी आणि मोबाइल. टिपण आजोबांचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी मृत माणसाचं, म्हणून ते तसंच बाहेर आलं. आजीच्या नोंदीला पेपरातल्या निधन वार्तेचं कात्रण जोडलेलं, त्यात चारही मुलं आणि सुना. ग्रुप फोटोच्या फाइलच्या नावातच डावीकडून उजवीकडे सगळे. टिपणं, जोडलेली चित्रं आणि फाइलींची नावं ही तीन ठिकाणं डोळ्यांनी तपासावी लागतात, त्याला बटण नाही.

अजून एक. पीडीएफमध्ये नावावर काळा चौकोन काढून समाधान मानू नका. बऱ्याचदा तो चौकोन नुसता वर ठेवलेला असतो, खालचा मजकूर कॉपी-पेस्ट होतो. आधी नाव खोडा, मग पीडीएफ करा.

खामला_चौक

बाप्पा! म्हणजे झाड लावायचं आणि पानं मोजत बसायची.

वर्धा_रोड

मी सहसा लिहीत नाही, पण काकांच्या त्या आत्येबहिणीवरून लिहावंसं वाटलं.

माझं पहिलं लग्न फार वर्षांपूर्वी मोडलं. आमच्या घरात घटस्फोट हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. माहेरच्या एका नातेवाइकाने वंशावळ नेटवर टाकली आणि तिथे माझी दोन्ही लग्नं, तारखांसकट. माझ्या सासरच्या एका मुलीने ती पाहिली आणि मला फोन करून गोड आवाजात विचारलं. मी त्या नातेवाइकाला म्हटलं, काढा. ते म्हणाले, अगं पण हा इतिहास आहे. मी म्हटलं, मला आधी इतिहासजमा होऊ द्या, मग लिहा.

शेवटी काढलं त्यांनी. पण काढलं कसं, तर फक्त माझ्या जागी ‘खासगी’ लिहिलं. सहा भावंडांत पाच नावं आणि एक ‘खासगी’. आता ज्याला माहीत नव्हतं तोही विचारायला लागला, हिचं काय झालं म्हणून.

तर काका, आत्येबहिणीला ‘नको’ का म्हणतेस हे विचारू नका. आणि तिला एकटीला लपवू नका. लपवायचं तर ती अख्खी पिढी लपवा, वहिनींसकट, तुमच्यासकट. दत्तक गेलेली मुलं, दुसऱ्या जातीत लग्न केलेले, घर सोडून गेलेले, सगळ्यांना हेच लागू आहे.

सिव्हिल_लाइन्स

वर्धा_रोड, हा ह्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे. माणूस बघून नको, पिढी बघून रेघ मारा. मग परवानगी मागत फिरायलाही नको आणि कोणाचा नकार कोणाला दिसत नाही.

चुलतभावाच्या मुद्द्यावर मात्र मला बोलायचंय. रेघेच्या वरच्या पिढ्यांत मुली आल्याच पाहिजेत, माहेरच्या नावाने आणि सासरच्याही. वारस फेरफारात बहिणींची नावं गाळायचे प्रकार आमच्याकडे रोजचे. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. मुलीला जन्मानेच सहदायिक हक्क, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच वाटा आहे, त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. गावाकडे अजून सामायिक सातबारा असेल आणि जाहीर वंशावळीत फक्त मुलगे दिसले, तर भांडणाला तोच कागद कोणीतरी पुढे करेल. कोर्टात तो टिको न टिको, घरात कडवटपणा यायचा तो येतोच. हक्कसोडपत्रं कोणी केली, कोणी नाही, हे टिपणांत असेल तर तेही आधी काढा.

उमरेड_रोड

सामायिक सातबारा आहे. चुलतभावाचा मुद्दा आत्ता नीट लक्षात आला.

अवांतर: पुतण्या आता डीएनए किट मागवू म्हणतो. रायपूरवाले त्यात पटकन सापडतील म्हणे.

बंगळुरूचा_नागपूरकर

रायपूरवाल्यांनीही किट घेतलं असेल तरच सापडतील. घेतलंय का कोणी? २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी ह्या अमेरिकन कंपनीच्या जेमतेम १४ हजार खात्यांत चोर शिरले, तेही दुसरीकडून फुटलेले जुने पासवर्ड वापरून. पण ‘नातेवाईक शोधा’ ही सोय चालू असल्यामुळे माहिती गेली सुमारे ६९ लाख लोकांची. त्यांचे स्वतःचे पासवर्ड भक्कम असूनही. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. किटवर सही पुतण्याची, पण रक्त तुमचंही आहे त्यात.

उमरेड_रोड

किट रद्द.

पुतण्याशी बसून ठरवलं ते असं. आजोबांची पिढी ही शेवटची. त्या पिढीतले सगळे आता नाहीत, त्यामुळे बाया-पुरुष सगळ्यांची नावं, बायकांची माहेरं, गावं आणि मृत्यूचं फक्त साल. त्याखाली एकही नाव नाही, वारलेल्यांचंही नाही. माझे वडील २००९ ला गेले, तेही नाहीत त्यात. ह्याचं मला थोडं वाईट वाटलं, पण त्यांचं नाव टाकलं की पाठोपाठ आम्ही भावंडं आलोच. प्रत्येक शाखेखाली एवढंच: ‘पुढील वंश नागपूर, वर्धा, पुणे येथे.’

वर एक निवेदन मराठी आणि हिंदी दोन्हीत. मजकूर असा आहे, दुरुस्त्या सुचवा:

‘उमरेड तालुक्यातील आमच्या घराण्याच्या काही शाखा १९५६ पूर्वी जबलपूर, सागर, रायपूर व बिलासपूर येथे नोकरीनिमित्त स्थायिक झाल्या. त्यांच्या वंशजांचा शोध आहे. आपण त्यांपैकी असाल तर आपल्या आजोबांचे नाव व ते ज्या खात्यात होते ते कळवावे. कृपया हयात व्यक्तींची जन्मतारीख, पत्ता, जातीचे कागद पाठवू नयेत.’

खाली आडनावाची सुचतील तेवढी सगळी स्पेलिंगं, आणि ह्याच कामासाठी काढलेला वेगळा ईमेल. मोबाइल नाही. पूर्ण वंशावळ दिवाळीत छापून घरातल्यांना प्रत्येकी एक. त्यातही आत्येबहिणीचं काय लिहायचं ते ती सांगेल.

धरमपेठ_ग्रंथप्रेमी

मृत्यूचं साल आहे तर जन्माचंही टाका. एकाच नावाचे तीन-तीन आजोबा असतात. आजोबाचंच नाव नातवाला ठेवायची आपली खोड, साल नसेल तर रायपूरवाला गोंधळेल.

उमरेड_रोड

बरोबर. जन्माचं सालही टाकतो.

जबलपूरवाला

नमस्कार. आमचं आडनाव वेगळं आहे, तुमचा नातेवाईक नाही मी, पण आमची पण हीच कहाणी. पणजोबा रेल्वेत होते, इकडेच राहिले. मराठी घरात बोलतो थोडीफार, लिहायला चुका होतात, माफ करा. आम्ही पण असंच निवेदन टाकलं होतं, तर काही लोकांनी मेल करून सगळी नावं विचारली, नंतर कळलं की त्यांचा काही संबंधच नाही. मग ओळखायचं कसं की समोरचा खरा आहे?

सिव्हिल_लाइन्स

उलट विचारा. आपण काही सांगायच्या आधी त्यांना सांगू द्या. नेटवर टाकलेल्या माहितीत नसलेली एक गोष्ट आपल्याजवळ राखून ठेवायची, घरात माहीत असणारी. घरचं कुलदैवत, खेड्यातल्या वाड्याला काय म्हणायचे, पणजीला हाक काय मारायचे.

कोतवालबुक

आन् कागद पाठवायच्या आधी एकदा व्हिडिओ कॉल. बुजुर्ग माणूस समोर बसवा. खरं नातं असलं तर दोन म्हातारे एकमेकांले पाच मिनिटांत ओळखतात, खोटं असलं तर पोरगा मधात मधात बोलत राहते.

जबलपूरवाला

हे चांगलं सांगितलं. आमच्या घरी पणजीला सगळे ‘[मजकूर काढला]’ म्हणत, ती मूळची काटोलकडची, माहेरचं आडनाव [मजकूर काढला]. हेच विचारत जाईन आता.

कोतवालबुक

अहो भाऊ, मग ते इथं काहून लिहिलं? काढा आधी.

जबलपूरवाला

काढलं. दुसरा प्रश्न शोधतो.